पाटी उतरली, दप्तर कुठं गेलं?

फोर्टातल्या एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मी मामांबरोबर उभी होते. दाराशेजारच्या भिंतीवर एक आडवा चौकोन बाकीच्या रंगापेक्षा उजळ दिसत होता, त्याच्या चार कोपऱ्यांत स्क्रूची चार भोकं. मामा त्या चौकोनाकडे बघून म्हणाले, "इथं आमची पाटी होती." मामा राज्य सरकारच्या एका महामंडळात लेखापाल होते. २०१५ साली निवृत्त झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांत ते महामंडळ दुसऱ्या एका संस्थेत विलीन झालं. कारण सगळीकडे छापून आलं होतं: काटकसर.

आम्हाला हवा होता मामांच्या पगाराचा तपशील, नोव्हेंबर १९९५ पासूनचा, महिन्यागणिक. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेबद्दल निकाल दिला आणि वाढीव पेन्शनसाठी अर्ज करायची वाट उघडली. पण अर्जात भरलेले आकडे ज्याच्याकडे नोकरी केली त्याने तपासून मान्य करायचे होते. मामांनी ज्याच्याकडे नोकरी केली तो आता कागदावरसुद्धा उरला नव्हता.

आत एक वेगळंच कार्यालय होतं. तिथला क्लार्क सज्जन निघाला. "ते महामंडळ ना? ते विलीन झालं, काका." कशात, तेही त्याने सांगितलं. आम्ही तिथे गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "माणसं आली आमच्याकडे. दप्तर नाही आलं." मग दप्तर कुठे? बारनिशीत, म्हणजे आवक-जावक नोंदवहीत, एक पत्र सापडलं, त्यावरून कळलं की दप्तर शिवडीच्या एका गोदामात पडलंय. किल्ली कोणाकडे, हे कळायला आणखी पाच आठवडे गेले. गोदामात लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत रचलेले, खालच्या दोन थरांना वाळवी लागलेली. मामांना १९९८-९९ चं पगारपत्रक सापडलं. ते त्यांनीच लिहिलेलं होतं. पिवळ्या बल्बखाली उभ्याउभ्याच ते बराच वेळ आपलं जुनं अक्षर वाचत राहिले. १९९६ चं सापडलं नाही.

मी हे कोणाला नाव ठेवायला सांगत नाही. ज्यांनी ते महामंडळ बंद केलं त्यांच्या टिपणीत बचतीचा आकडा नक्की असणार, कदाचित तो बरोबरही असेल. मला प्रश्न पडला तो असा की त्या टिपणीत गोदामाच्या किल्लीसाठी एखादी ओळ होती का?

दर अर्थसंकल्पाच्या सुमारास ही मागणी वर येते. राज्यावरचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेलंय, पगार, पेन्शन आणि व्याज यांतच महसुलाचा मोठा वाटा जातो, मग ही शेकड्याने महामंडळं, मंडळं, प्राधिकरणं कशाला पोसायची? बंद करा, एकमेकांत मिसळा. ऐकायला अगदी रास्त वाटतं. मीही ही मागणी करणाऱ्यांतलीच. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत वर्षानुवर्षं तीच तक्रार असते, की अमुक कंपन्या काम करत नाहीत आणि तमुक कंपन्यांचे हिशेब कित्येक वर्षं तयारच झालेले नाहीत. अशा मेलेल्या संस्थांचं श्राद्ध उरकलंच पाहिजे, त्याबद्दल वाद नको.

पण मेलेल्या संस्थेवर खर्चही मेल्यासारखाच होतो. तिथून फार पैसा सुटत नाही. पैसा सुटायचा तर जिवंत संस्थांना हात घालावा लागतो, आणि तिथे मामांचं गणित कामाला येतं. त्यांनी मला ते चहाच्या टेबलावर समजावलं. महामंडळाचा आस्थापना खर्च म्हणजे मुख्यतः पगार. विलीनीकरणात माणसांना घरी पाठवत नाहीत, त्यांचं 'समायोजन' करतात. म्हणजे पगार थांबत नाही, लेखाशीर्ष बदलतं. ज्याची वेतनश्रेणी जास्त त्याचं वेतन संरक्षित राहतं, मग शेजारच्या टेबलावरचा कमी श्रेणीचा माणूस म्हणतो, काम तेच तर पगार वेगळा का? सेवाज्येष्ठतेची यादी एकत्र करताना भांडणं लागतात, ती कोर्टापर्यंत जातात. जागा भाड्याची असेल तर भाडं वाचतं. गाड्या लिलावात जातात. "आणि अध्यक्ष?" मी विचारलं. मामा हसले. "अध्यक्ष सगळ्यात आधी जातो, अगं. आणि सगळ्यात आधी दुसरीकडे दिसतो."

हे खरंच आहे. महामंडळाचं अध्यक्षपद ही आपल्याकडे मंत्रिपद न मिळालेल्यांची सोय असते. २०१७ पासून लाल दिवा गेला, पण राज्यमंत्र्याचा दर्जा, केबिन, गाडी आणि स्वीय सहायक यांचं आकर्षण काही कमी झालं नाही. आघाडी असो की युती, महामंडळांचं वाटप कोणत्या सूत्राने करायचं यावर बैठका झडतात. काटकसरीची भाषा करणारं सरकारच निवडणूक जवळ आली की समाजागणिक नवी महामंडळं जाहीर करतं. एका हाताने बंद, दुसऱ्या हाताने चालू. असो.

मुंबईत या सगळ्याला एक वेगळीच मेख आहे, ती म्हणजे जमीन. गावाकडे एखादं महामंडळ बंद झालं तर मागे उरतात गंजलेली यंत्रं आणि थकलेली देणी. मुंबईत मागे उरतो भूखंड, आणि त्याची किंमत महामंडळाने आयुष्यभर केलेल्या कामाच्या कित्येक पट असते. संस्था आजारी पडली की तिच्या औषधपाण्यापेक्षा तिच्या सातबाऱ्याची चौकशी आधी होते. म्हणून मुंबईत कुठलीही संस्था गुंडाळायची बातमी आली की मी पहिल्यांदा तिचा पत्ता बघते. तोटा किती, हे मग.

हा खेळ जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्या, हवा नाही, उजेड नाही, गटारं तुंबलेली. सरकारचा लोकनियुक्त पालिकेवर भरवसा नव्हता, म्हणून १८९८ मध्ये कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नावाची स्वतंत्र संस्था काढली. तिने वस्त्या पाडल्या, प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढले, दादर-माटुंग्याची आखीव वसाहत वसवली आणि कामगारांसाठी चाळी बांधल्या. पालिका आणि ट्रस्ट यांचं सतत वाजत राहिलं. एकाच शहरात दोन धनी. शेवटी १९३३ मध्ये ट्रस्ट पालिकेत विलीन झाला. दोन संस्थांच्या जागी एक आली, आज ज्याला आपण सुसूत्रीकरण म्हणतो तेच.

त्याला नव्वदहून अधिक वर्षं झाली. ट्रस्टच्या चाळींना लोक अजून बीआयटी, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, चाळी म्हणतात, आणि परळच्या ज्या चाळीत बाबासाहेब आंबेडकर राहिले तीही बीआयटीचीच. ट्रस्टने दिलेले लांब मुदतीचे भाडेपट्टे पालिकेचं मालमत्ता खातं अजून सांभाळतंय. ट्रस्ट संपला, पण त्याचं काम काही संपलं नाही. ते संपणारं कामच नव्हतं. मात्र त्याचं दप्तर आणि त्याची जमीन एका ठरलेल्या वारसाकडे गेली, त्या वारसाला पत्ता होता, आणि म्हणूनच आज एखाद्याला भाडेपट्ट्याचं नूतनीकरण करायचं असेल तर कुठे जायचं ते माहीत असतं. काम सावकाश होत असेल, पण शिवडीच्या गोदामात किल्ली शोधत फिरावं लागत नाही.

बीडीडीची गोष्ट याच्या शेजारचीच. १९२० च्या सुमारास सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं. ५० हजार खोल्या बांधायचा संकल्प होता, झाल्या त्याच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे चाळी उभ्या राहिल्या आणि खातं गुंडाळलं गेलं. चाळी आल्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. रस्ते आणि सरकारी इमारती बांधणाऱ्या खात्याने हजारो कुटुंबांचं घरमालकपण कित्येक दशकं केलं. तो त्यांचा धंदा नव्हता, पण कोणाच्या तरी गळ्यात ते पडायचंच होतं. आता पुनर्विकास म्हाडा करतंय, ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या साडेपाचशे कुटुंबांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. बीडीडी नावाचं खातं आजच्या एकाही रहिवाशाच्या बापानेसुद्धा धड पाहिलं नसेल, तरी पत्त्यात ते आहेच.

आता म्हाडाच घ्या. म्हाडा ही स्वतःच विलीनीकरणातून जन्मलेली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. डिसेंबर १९७७ मध्ये गृहनिर्माण मंडळ, विदर्भाचं वेगळं गृहनिर्माण मंडळ, मुंबईतल्या जुन्या इमारतींची दुरुस्ती करणारं मंडळ आणि झोपडपट्टी सुधार मंडळ अशा चार मंडळांची मिळून ती झाली. घरांचे सगळे प्रश्न एका छताखाली आणायचे, हा विचार. छत एक झालं खरं. वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात गेलात तर आत मंडळं आपापली आहेतच: मुंबई मंडळ वेगळं, दुरुस्ती मंडळ वेगळं, झोपडपट्टी सुधार मंडळ वेगळं. लिफ्ट सामाईक आहे. आणि १९९५ मध्ये, म्हणजे वीस वर्षंही उलटली नव्हती, तेव्हा झोपडपट्ट्यांसाठी सरकारने झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण ही नवी संस्था काढली. तिचं कार्यालयसुद्धा वांद्रे पूर्वेलाच, म्हाडाकडून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. झोपडीधारक सकाळी एकीकडे जातो, दुपारी दुसरीकडे, आणि मध्ये कुठेतरी झेरॉक्स काढतो.

यातून मला जे दिसतं ते असं. मुंबईत नवी संस्था बहुतेक वेळा जुन्या संस्थेवरच्या अविश्वासातून जन्माला येते. पालिका करणार नाही म्हणून ट्रस्ट. बांधकाम खातं सावकाश चालतं आणि त्याला बाजारातून कर्ज उचलता येत नाही, म्हणून १९९६ मध्ये रस्ते विकास महामंडळ. त्याने मुंबईतले उड्डाणपूल आणि पुण्याचा द्रुतगती महामार्ग उभा केला, हे मान्यच करायला हवं. पालिकांच्या हद्दी ओलांडून विचार करणारं कोणी नाही म्हणून १९७५ मध्ये एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. प्रत्येक वेळी कारण खरं होतं. पण जुन्या संस्थेचा जो दोष होता तो दुरुस्त कोणी केला नाही, फक्त तिला वळसा घातला. आता काटकसर म्हणून या वळशांची पुन्हा गाठ मारायची आणि तो मूळ दोष तसाच ठेवायचा, तर आणखी वीस वर्षांनी कोणीतरी नवं प्राधिकरण काढणार. १९७७ ते १९९५ हा हिशेब समोर आहेच.

आणि गंमत अशी, की तोडतानाही बचतीचंच कारण दिलं जातं. २००५ मध्ये राज्य वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या, तेव्हा कार्यक्षमता वाढेल आणि तोटा कमी होईल असंच सांगितलं गेलं. जोडलं तरी बचत, तोडलं तरी बचत.

मग मुंबईकराला जो त्रास होतो तो कशाने होतो? संस्था जास्त आहेत म्हणून? थोडा त्यानेही होतो. घाटकोपरचं होर्डिंग आठवा. १३ मे २०२४, अवकाळी वादळ, पेट्रोल पंपावर पाऊस चुकवायला थांबलेली माणसं, त्यांच्यावर ते कोसळलं. सतरा जण गेले. मग कळलं की जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातली, परवानगी त्यांच्याकडून दिलेली, आणि पालिका म्हणते आमची परवानगी घेतलीच नाही. पालिकेच्या नियमात जास्तीत जास्त ४० बाय ४० फूट, हे १२० बाय १२० फूट. रोज त्या हायवेवरून लाखो लोक जात होते, सगळ्यांना ते दिसत होतं, आणि ज्या टेबलावर ते दिसायला हवं होतं ते टेबल दोन कार्यालयांच्या मधल्या फटीत पडलं होतं. आता यावर उपाय म्हणून पोलीस आणि पालिका एक करायची का? असं कोणी म्हणणार नाही. होर्डिंगची परवानगी मात्र जमीन कोणाचीही असो, एकाच टेबलावर आली पाहिजे. एवढ्याला विलीनीकरण लागत नाही. एक नियम लागतो आणि तो पाळून घेणारा माणूस लागतो.

उलट उदाहरण अंधेरीचं. गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, पाडून नवा बांधला, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली, आणि सगळ्या शहराने मोबाइलवर ते दृश्य पाहिलं: नवा पूल वर, शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल खाली, मध्ये माणसाच्या उंचीएवढं अंतर. दोन्ही पूल तेव्हा पालिकेच्याच ताब्यात होते. रेल्वेने रुळांवरची उंची वाढवून मागितली हे खरं, पण उंची वाढली की शेजारचा पूल खाली राहणार हे हिशेबात धरायला वेगळी संस्था लागत नव्हती. शेवटी हायड्रॉलिक जॅक लावून बर्फीवाला पूल उचलावा लागला आणि जुलैत दोन्ही जुळले. एकच धनी असला म्हणून सगळं जुळतं, ही समजूत मी त्या दिवशी सोडली. आमच्या गल्लीत तर एकाच पालिकेचं पाणी खातं खणून जातं, मग पर्जन्यजल खातं येतं, मग रस्ते खातं पेव्हर ब्लॉक बसवतं, आणि पुन्हा पाणी खातं. तिघांच्या पगाराच्या स्लिपवर नाव एकच.

एक गोष्ट मात्र मनाला पटली. मेट्रोची पहिली मार्गिका एका कंपनीकडे, दोन अ आणि सात दुसरीकडे, भुयारी तीन तिसरीकडे. लोकल रेल्वेची, बस बेस्टची. अंधेरीत एका मेट्रोतून उतरून दुसरीत जायचं तर पुन्हा बॅग तपासणी, पुन्हा तिकीट, असं चालायचं. या सगळ्या कंपन्या विलीन करायच्या म्हटलं तर करार, कर्ज, भागधारक, लवाद यांत दहा वर्षं जातील. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' अॅप आलं, अकरा वाहतूक संस्थांची तिकिटं एका ठिकाणी.  प्रवाशाच्या बाजूने बघितलं तर जोडायचं होतं ते तिकीट, ते जोडलं गेलं, आणि एकाही कंपनीची पाटी उतरवावी लागली नाही.

सगळीच विलीनीकरणं फसतात असं मी म्हणत नाही. वायदे बाजारावर देखरेख ठेवणारा वायदे बाजार आयोग १९५३ पासूनचा, मुख्यालय मुंबईतच. २०१३ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचा सुमारे ५,६०० कोटींचा घोटाळा फुटला तेव्हा दिसलं की या आयोगाच्या हातात धड काठीसुद्धा नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये तो शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीत विलीन झाला. तेव्हा किती वाचले हा मुद्दाच नव्हता. बाजारात गुंतवणाऱ्याला संरक्षण हवं होतं, ते सेबीच्या कायद्यात होतं, म्हणून जोडणी झाली. काम तेच, हत्यार अधिक धारदार. अशा जोडणीला मी हात वर करीन.

आणि पेडर रोडवरची फिल्म्स डिव्हिजन? १९४८ ची संस्था. स्वातंत्र्यानंतरच्या भारताचं अर्धं चित्रण तिच्या डब्यांत आहे. मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन, पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, बालचित्र समिती आणि चित्रपट महोत्सव संचालनालय या चौघांना राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात मिसळलं. कामं एकमेकांवर चढली होती, पैसा दोनदा खर्च होत होता, हे कारण. काही प्रमाणात ते खरंही होतं. पण महामंडळ ही कंपनी आहे, तिने चित्रपटांना पैसा पुरवायचा आणि जमलं तर कमवायचा. संग्रहालयाचं काम याच्या नेमकं उलट: ज्याला आज गिऱ्हाईक नाही ते पन्नास वर्षं थंड खोलीत जपून ठेवायचं. एकाच ताळेबंदात ही दोन कामं बसवली की हिशेबनिसाच्या नजरेला थंड खोलीचं वीजबिल पहिल्यांदा खुपणार. अनेक चित्रपटकर्त्यांनी तेव्हा जाहीर पत्र लिहून हीच धास्ती बोलून दाखवली होती. मला स्वतःला फिल्म्स डिव्हिजनची धास्ती कमी वाटते, संग्रहालयाची जास्त. शिवडीचं गोदाम मी पाहिलंय.

काम खरंच संपलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. पालिकेचं सगळ्यात मोठं उत्पन्नाचं साधन रातोरात बंद झालं, नाक्यांवरच्या ट्रकच्या रांगा दिसेनाशा झाल्या, माणसं इतर खात्यांत गेली. पालिकेला राज्याकडे भरपाईसाठी हात पसरावा लागतो हे त्याचं दुसरं टोक, तो वेगळा विषय. पण खातं बंद करायचा खरा अर्थ त्या रात्री दिसला. जकात वसुलीचं काम उरलंच नाही, म्हणून खातं उरलं नाही. कोणाला जुन्या पावत्या शोधत फिरावं लागलं असेल तर ते थोड्यांना. म्हणून सरकारने यादी करायची तर ती संस्थांची करू नये, कामांची करावी. कोणते परवाने आजपासून लागणार नाहीत, कोणते दाखले मागणार नाहीत, कोणती योजना संपली. त्या यादीला मंत्रालयात कोणी हात लावत नाही, कारण प्रत्येक कामामागे एखादा आमदार, एखादी संघटना किंवा एखादा कंत्राटदार उभा असतो. पाटीमागे सहसा कोणी उभं नसतं. म्हणून पाटी उतरते.

संस्था बंद करायचीच असेल, तर शासन निर्णयाला एक परिशिष्ट जोडावं, एवढं माझं मागणं आहे. मामांनी ते जवळजवळ तोंडीच सांगून टाकलं: दप्तर कोणाकडे, कुठल्या पत्त्यावर, कोणत्या अधिकाऱ्याच्या ताब्यात. जमीन कोणाच्या नावावर, आणि ती विकायची असेल तर पैसा कुठल्या खात्यात. चालू कज्जे कोण लढवणार. निवृत्त माणसांची कागदपत्रं कोण देणार. आणि तीन वर्षांनी विधिमंडळात एक पान ठेवायचं, किती वाचले म्हणून सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात किती वाचले. हे शेवटचं पान मी आजवर कुठल्याही विलीनीकरणाबद्दल वाचलेलं नाही. जाहीर करताना बचतीचा आकडा ठळक टायपात असतो, नंतर तो आकडा कुठे गेला हे विचारायला कोणी उरत नाही, कारण ज्याला विचारायचं ती संस्थाच विलीन झालेली असते.

मुंबईत एक विलीनीकरण मात्र खरंच व्हायला हवंय आणि नेमकं तेच होत नाही. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेच्या अर्थसंकल्पात घ्यायचा. बेस्ट १९४७ पासून पालिकेचीच. पूर्वी विजेच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघायचा. नव्या वीज कायद्याने आणि न्यायालयाच्या निकालाने ती वाट बंद झाली. तेव्हापासून बेस्ट पालिकेकडे दरवर्षी मदत मागते आणि पालिका आपल्याच उपक्रमाला नातेवाइकाला उसने द्यावेत तसे देते. २०२५-२६ चा पालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा, त्यात बेस्टला १ हजार कोटी. एके काळी स्वतःच्या चार हजारांवर बस होत्या, त्या आता काहीशेवर आल्या, बाकी कंत्राटदारांच्या. किमान भाडं २०१९ मध्ये ५ रुपये केलं, मे २०२५ मध्ये १० झालं. २०१७ मध्ये पालिकेच्या सभागृहाने दोन्ही अर्थसंकल्प एक करायचा ठराव केला. जानेवारी २०१९ मध्ये कामगारांनी नऊ दिवस संप केला, त्यांच्या मागण्यांत ही होती. ठराव अजून तसाच आहे.

का अडतो, ते उघड आहे. हे विलीनीकरण केलं तर कागदावर पालिकेचा खर्च वाढलेला दिसेल. म्हणजे काटकसरीच्या यादीत याला जागाच नाही. पण शहराच्या हिशेबात बस ही रस्त्यासारखी, पाण्यासारखी सेवा आहे. रस्त्याने यंदा तोटा केला असं कोणी म्हणत नाही. सागरी किनारा मार्गाला काही हजार कोटी देताना पालिकेने त्याच्याकडून परतफेड मागितली नाही, मग वरळीच्या चाळीतून कामावर जाणाऱ्या बाईच्या बसनेच तेवढा ताळेबंद जुळवून दाखवायचा, हा न्याय कुठला? एक मालक, एक तिजोरी, आणि बसची जबाबदारी थेट पालिका आयुक्तांच्या टेबलावर, एवढं झालं तरी निदान बस का आली नाही हे कोणाला विचारायचं ते कळेल.

शिवडीहून परतताना मामा आणि मी बसचीच वाट बघत होतो. पिशवीत १९९८-९९ चं पगारपत्रक, झेरॉक्स काढून परत द्यायच्या बोलीवर आणलेलं. पाऊण तासाने बस आली, लाल, बाजूला बेस्टचं बोधचिन्ह. ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशावर मात्र दुसऱ्याच कंपनीचा बिल्ला. मामांना हिशेबाची सवय, त्यांनी चढता चढता विचारलंच, "तुम्ही बेस्टचेच ना?"

तो गिअर टाकत म्हणाला, "बस बेस्टची दिसते ना काका, मग तसंच समजा."